अलॉय टेपरचे, बोल्ट गोल सीटचे: इंदूरच्या एका पोलोचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१५ची फोक्सवॅगन पोलो, मालक माझा आतेभाऊ. नाव लिहीत नाही, घरात सगळे त्याला दादा म्हणतात तेच इथे चालू ठेवतो. दादा सुदामा नगरात राहतो, आणि पोलो २०२२मध्ये भारतात बंद झाल्यापासून तर ही गाडी विकायचं नावच काढू देत नाही. मी पीथमपूरला क्वालिटीत काम करतो, बोल्ट किती ताणलाय हे तपासणं माझ्या रोजच्या कामात येतं, आणि म्हणूनच हे प्रकरण मला जास्त लागलं, कारण मला सुरुवातीलाच दिसायला हवं होतं.

झालं असं की पावसाळ्यात देवास नाक्याकडून येताना एका खड्ड्यात कंपनीचं १५ इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, वाकलं. एक बदलायचं तर चारही बदलू, १६ इंची घेऊ, दिवाळी आहेच, असं ठरलं. दादाने डिझाइन बघितलं, भाव केला, टायर १९५/५५ आर१६ घेतले जे नंतरच्या पोलोला कंपनीच द्यायची, म्हणजे तिथपर्यंत निवड चांगली होती. पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर पाच भोकं, जुळतोय का एवढं दुकानदाराने सांगितलं आणि तो जुळत होता. बोल्टबद्दल कोणी काही विचारलं नाही. दुकानदाराने कंपनीचेच जुने बोल्ट काढले, नव्या अलॉयना तेच गनने, म्हणजे बोल्ट आवळायच्या मशीनने, मारले, दादाने पेढे दिले आणि घरी आला. धनत्रयोदशीला मी गाडी बघायला गेलो, रिमचं कौतुक केलं, बोल्टकडे पाहिलं नाही.

अडचण कशी दिसायला लागली

पहिली खूण होती थरथर. सुपर कॉरिडॉरवर ८० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग हलायचं. दादा परत दुकानात, बॅलन्सिंग केलं, मशीनवर शून्य आलं, पण थरथर तशीच. आठवड्याने परत बॅलन्सिंग, परत शून्य. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, बॅलन्सिंगचं मशीन रिम मधल्या मोठ्या भोकात कोन घालून पकडतं, म्हणजे मशीनवर रिम बरोबर मध्यावर असते. गाडीवर ती मध्यावर बसते की नाही हे मशीनला कळायचा काही मार्गच नाही. पोलोचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ५७.१ मिमीचा, या अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमीचं, कारण बाहेरची अलॉय एकाच साच्यात बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात. मधे १६ मिमीचा फरक म्हणजे चहूबाजूंनी आठ आठ मिमी मोकळं, आणि ते भरून काढणारी हब रिंग कोणी बसवलीच नव्हती.

दुसरी खूण भेरूघाटात. मार्गशीर्षात दादा, वहिनी आणि आत्या ओंकारेश्वरला निघाले, सिमरोल सोडून घाट उतरताना डाव्या वळणावर मागून टक टक टक असा आवाज, ब्रेक लावला की जास्त, सोडला की कमी. दादाने गाडी चोरलच्या अलीकडे बाजूला घेतली आणि मला व्हिडिओ कॉल केला. मी म्हटलं बोल्टना हात लावून बघ. मागच्या डाव्या चाकाचे पाचपैकी दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. मला अजून आठवतंय, आत्या मागे म्हणत होती काय झालं रे, आणि दादाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

रस्त्यावरचा निर्णय

तीन मार्ग होते. बोल्ट आवळून पुढे ओंकारेश्वरला जायचं, ते तर मी लगेच नको म्हटलं. दुसरा, फ्लॅटबेड म्हणजे गाडी वाहून नेणारा ट्रक मागवायचा आणि घरच्यांना बसने परत पाठवायचं. तिसरा, ते एक चाक काढून स्टेपनी लावायची आणि हळू परत यायचं. मी तिसरा सांगितला. स्टेपनी कंपनीची लोखंडी रिम, तिची सीट, म्हणजे बोल्ट जिथे टेकतो ती जागा, कंपनीच्या बोल्टसाठीच बनलेली, म्हणजे ते चाक तरी बरोबर बसलं. बाकीच्या तीन चाकांचे बोल्ट पान्ह्याने आवळले, ४० च्या स्पीडने घाट चढले, दर दहा किलोमीटरला थांबून हात लावून बघितलं.

सुखरूप आले हे खरं, पण आज मला तो निर्णय चुकीचा वाटतो आणि मी तसं दादाला सांगितलंय. बाकीची तीन चाकं त्याच चुकीच्या जोडीवर होती, आवळल्याने जोडी सुधारत नाही. आत्या गाडीत असताना फ्लॅटबेडच मागवायला हवा होता, दोन तीन तास गेले असते एवढंच.

मूळ कारण शोधताना

दुसऱ्या दिवशी रविवार, मी मापं घ्यायचा व्हर्नियर, ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच आणि कुठे टेकतंय ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची, प्रुशियन ब्लूची, डबी घेऊन दादाच्या अंगणात. पहिला बोल्ट हातात घेतला आणि उत्तर मिळालं. फोक्सवॅगनचा बोल्ट एम१४×१.५, आणि त्याच्या डोक्याखालचा जो भाग रिमला टेकतो तो गोल असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा, १३ मिमी त्रिज्येचा, यालाच आर१३ किंवा बॉल सीट म्हणतात. नव्या अलॉयची भोकं टेपरची, म्हणजे शंकूसारखी निमुळती, ६० अंशाची. बाहेरच्या बहुतेक अलॉयना टेपरच असतो.

डोळ्यांनी बघून दादाला पटेना, तो म्हणे घट्ट तर बसतोय. मग बोल्टच्या गोल भागाला ब्लू लावला, भोकात घालून हाताने आवळला आणि काढला. टेपरच्या भोकात निळी रेघ उमटली, दोऱ्याएवढी बारीक, गोल. तोच बोल्ट जुन्या कंपनी अलॉयमधे घातला तर चांगला रुंद पट्टा उमटला. वहिनी बघत होत्या, त्यांनी म्हटलं म्हणजे सगळा भार या रेघेवर होता का. हो, तसंच.

आता त्या रेघेने इतका फरक का पडतो ते सांगतो, कारण दुकानात लोक म्हणतात बोल्टने चाक धरलेलं असतं, तर तसं नाहीये. बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिमला हबवर दाबून धरतो, चाक खरं धरलं जातं ते या दाबातून तयार होणाऱ्या घर्षणाने. पोलोच्या चाकाचे बोल्ट आवळायचा टॉर्क १२० न्यूटन मीटर, साध्या सूत्राने काढलं तर एका बोल्टमागे अंदाजे चार टनांचा दाब येतो, पाच बोल्टचा मिळून वीस टनांच्या वर. हा दाब आहे तोवर बोल्टला वळणाचे आणि ब्रेकचे धक्के जवळजवळ जाणवतच नाहीत. पण चार टन जर दोऱ्याएवढ्या रेघेवर आले तर ॲल्युमिनियम तिथे दबतं, दबलं की बोल्टचा ताण सैल होतो, ताण गेला की रिम हबवर सरकायला लागते आणि मग प्रत्येक धक्क्याला बोल्ट थोडा थोडा सुटतो. गनने मारताना घट्टच वाटतं, तीन आठवड्यांनी घाटात कळतं.

आटेही मोजले, म्हणजे बोल्टवरच्या खाचांचे फेरे. इंदुरात सगळे चुडी म्हणतात पण आमच्या घरात आटेच. जुना बोल्ट जुन्या अलॉयमधून हबमधे साधारण दहा फेरे जायचा, १.५ मिमीचा एक फेरा म्हणजे १५ मिमी पकड. तोच नव्या अलॉयमधून जेमतेम सात फेरे, कारण गोल भाग टेपरमधे वरच अडकतोय आणि नव्या रिमची जाडीही जास्त. माझा नियम आहे, पकड निदान बोल्टच्या जाडीइतकी हवी, एम१४ला १४ मिमी, म्हणजे नऊ फेऱ्यांच्या वर. सात कमीच.

काय काय करता आलं असतं

सगळ्यात आधी आम्ही दुकानात गेलो, आणि तिथे दुसरी चूक होता होता राहिली. दुकानदाराने ऐकलं, डब्यातून चकचकीत क्रोमचे लांब टेपर बोल्ट काढले, म्हणाला, "भिया, ये लगा दो, लंबा है तो पकड़ अच्छी आएगी।" माणूस वाईट नव्हता, त्याचा खरंच तसा समज होता. मी मोजला तर आट्यांची लांबी ४० मिमी, कंपनीच्या बोल्टची २७. डोक्यावर ग्रेडचा, म्हणजे स्टीलची ताकद सांगणारा, आकडा नाही. एक मागच्या चाकाला लावून हाताने चाक फिरवलं तर आतून खर्र आवाज आला आणि चाक अडलं. पोलोला मागे ड्रम ब्रेक आहे, लांब बोल्ट हबच्या पार जाऊन ड्रमच्या आत पोचतो. गाडी जॅकवर असताना कळलं, रस्त्यावर कळलं असतं तर मागचं चाक तिथेच जाम. बोल्टच्या बाबतीत लांब म्हणजे चांगला हा हिशेब चालतच नाही, आखूड असला तर पकड नाही आणि लांब असला तर आत घासतो, दोन्हीकडून मोजूनच घ्यावा लागतो. नटवाल्या गाड्यांना ही भानगड नसते कारण तिथे स्टडची, म्हणजे हबमधेच बसवलेल्या आट्यांच्या दांड्याची, लांबी ठरलेली असते.

मग घरी बसून मार्ग मांडले. अलॉय परत करून कंपनीची घ्यायची, हा सगळ्यात निर्धोक मार्ग, पण वापरलेली अलॉय दुकान निम्म्या भावातही घेईना. दुसरा मार्ग, गोल सीटला टेपर करणारे वॉशर मिळतात ते घालायचे. ते मी काढून टाकलं, आधीच पकड कमी आणि त्यात वॉशरची जाडी, शिवाय जोडात एक सुटा भाग वाढतो. तिसरा, हबमधे स्टड घालून नट वापरायचे, रेसिंगवाले करतात आणि चाक लावायला सोपं जातं, पण स्टड नीट बसला नाही तर नट काढताना तोच बाहेर येतो, रोजच्या गाडीला एवढं कशाला. चौथा मार्ग, योग्य मापाचे टेपर बोल्ट आणि हब रिंग. दादाला पाचवा पण सुचला होता, भोकंच गोल सीटची कापून घ्यायची खराद्याकडून, त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं, ढाळलेल्या रिमच्या सीटला हात लावायचाच नाही.

चौथा ठरला.

मापं आणि खरेदी

मागच्या तोंडापासून टेपर सुरू होतो तिथपर्यंत नव्या रिमची जाडी १३.५ मिमी भरली. त्यात पकडीचे १४ मिळवले की २७.५, त्याच्या वरचं बाजारात मिळणारं माप २८. म्हणून एम१४×१.५, आटे २८ मिमी लांब, ६० अंशाचा टेपर, १७ मिमीचं सहा कोनी डोकं म्हणजे गाडीतला पान्हा चालतो, आणि डोक्यावर १०.९ कोरलेलं. हा १०.९ म्हणजे स्टीलची ताकद, पहिला आकडा तुटायची मर्यादा सुमारे १००० न्यूटन प्रति चौरस मिमी सांगतो आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो ताणून परत मूळ जागी येतो. आकडा नसलेला बोल्ट मी चाकाला लावणार नाही, कितीही चमकला तरी. क्रोमही नको म्हटलं कारण सीटवरचं क्रोम सुटून खपली निघते आणि बोल्ट तेवढा सैल होतो, साधं झिंक घेतलं.

हब रिंग ७३.१ वरून ५७.१ ची, प्लास्टिकची पण मिळते पण दादाचे घाट बघता ॲल्युमिनियमची घेतली. ही रिंग गाडीचा भार घेत नाही, चाक लावताना मध्यावर धरते एवढंच तिचं काम, पण बोल्टवाल्या गाडीत जिथे चाक टांगायला स्टडच नाही तिथे हे काम फार मोठं आहे. वीस बोल्ट आणि चार रिंगा मिळून अलॉयच्या खर्चापुढे काहीच नव्हतं, तरी एका दुकानात सगळं मिळालं नाही, तीन ठिकाणी फिरलो.

फिरताना जे दिसलं तेही लिहून ठेवतो, दुसऱ्या गाडीवाल्यांच्या कामाचं आहे. मारुतीचा नट एम१२×१.२५, ह्युंदाई आणि होंडाचा एम१२×१.५, आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात. १.२५चा नट १.५च्या स्टडवर दोन तीन फेरे जातो आणि मग अडतो, हाताने लावणारा तिथेच थांबतो पण गनवाला आटे फोडून पुढे जातो. होंडाच्या कंपनीच्या नटची सीट पण गोल असते, म्हणजे होंडा सिटीवाल्यांनी बाहेरची टेपर अलॉय घेऊन जुनेच नट लावले तर दादाचीच गोष्ट. टोयोटाच्या बऱ्याच कंपनी अलॉयना तर सपाट वॉशरचा नट असतो, तो टेपरमधे बसतच नाही. एकंदरीत सीट, आट्यांचं माप, लांबी, ग्रेड, या सगळ्याला दुकानात एकच शब्द आहे, "बोल्ट".

काम कसं केलं

मागच्या डाव्या अलॉयची तीन भोकं आतून खरचटून लांबट झाली होती. दादा म्हणे चालवून घेऊ, नवा बोल्ट आहे ना. इथे मी अडून बसलो, कारण सीटच गेली असेल तर नवा बोल्ट काय करणार. दुकानदाराने शेवटी ती एक रिम अर्ध्या भावात बदलून दिली, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. बाकी तीन रिमची भोकं आरशाने आणि बोटाने तपासली, बारीक चरा होता पण गोलाई शाबूत होती, ब्लू लावून बघितलं तर टेपर बोल्टचा पट्टा पूर्ण उमटत होता.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, अलॉयच्या मागच्या तोंडाचा जास्तीचा रंग साफ केला कारण तो रंग दबला तरी ताण जातो. आट्यांना तेल ग्रीस काहीच नाही. लोक प्रेमाने ग्रीस लावतात, पण आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहा टक्केच बोल्ट ताणायला लागतो, निम्मा जोर सीटच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांत जातो, तिथे ग्रीस घातलं की तोच १२० चा आकडा बोल्टला भलताच ताणतो. प्रत्येक बोल्ट हाताने शेवटपर्यंत, फेरे मोजत, नऊ आणि थोडा वर आले. मग चाक जमिनीला नुसतं टेकवून एक सोडून एक असे आवळले, पाच भोकांत पाच टोकांची चांदणी काढतो तसं, आधी ६० वर आणि मग १२० वर, रेंच टक करेपर्यंत. शेवटी चारही चाकं हाताने फिरवून कान लावून ऐकलं, मागची दोन तर दोनदा.

सगळं संपल्यावर वहिनींनी चहा आणला आणि सहज विचारलं, "मग आता स्टेपनी लावायची वेळ आली तर हेच बोल्ट चालतील का?" मी गप्प. लोखंडी स्टेपनी गोल सीटची, तिला टेपर बोल्ट म्हणजे तीच चूक उलट बाजूने. इतकी मापं काढून माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. कंपनीचे वीस बोल्ट बादलीत पडले होते, भंगारात जाणार होते, त्यातले चांगले पाच निवडून धुतले आणि कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवले. चोरी रोखायचा जो लॉक बोल्ट कंपनीने दिला होता तोही गोल सीटचा, म्हणून अलॉयना आत्ता लॉक नाही, टेपरचा मिळेल तेव्हा घेऊ.

निकाल

८० किलोमीटर झाल्यावर परत रेंच लावला तर पुढच्या उजव्या चाकाचे दोन बोल्ट किंचित फिरले, बाकी जागचे हलले नाहीत. ५०० ला एकही हलला नाही. थरथर पहिल्याच दिवशी गेली, बॅलन्सिंग परत न करता, हब रिंगनेच. आता अकरा महिने झालेत, ओंकारेश्वर झालं, मांडू झालं, दर सर्व्हिसला दादा गनवाल्याला थांबवून स्वतः रेंचने शेवटचं आवळतो आणि त्यावरून एकदा दुकानात वाद पण झाला, गनवाल्याला अपमान वाटला. दादाने ऐकलं नाही, बरं केलं.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या दिवशी जुना बोल्ट खिशात घालून नेला असता आणि अलॉयच्या भोकात हाताने घालून बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी धनत्रयोदशीला पेढा खाताना एक बोल्ट काढून बघू म्हटलं असतं तर भेरूघाट टळला असता, हे मला सलतं. थरथर आल्यावर दुसऱ्यांदा बॅलन्सिंग करायच्या ऐवजी चाक काढून बघायला हवं होतं, मशीन शून्य दाखवतंय आणि गाडी हलतेय म्हणजे गडबड बहुतेक चाकात नाही, चाक बसवण्यात आहे. रस्त्यावरच्या निर्णयाचं वर लिहिलंच आहे.

दुकानदाराला दोष देऊन मी थांबणार नाही, पण अलॉय विकताना बोल्ट वेगळा विकायचा पदार्थ आहे हे त्याने सांगायला हवं होतं, डिझाइनच्या भिंतीवर शंभर रिमा टांगलेल्या आणि बोल्टचे नमुने एका गंजक्या डब्यात. मी नंतर त्याला गोल, टेपर आणि सपाट असे तीन बोल्ट एका पाटीवर लावून दिलेत, काउंटरवर ठेवायला. ठेवलीय त्याने.

दादाची जुनी तीन चांगली अलॉय मागच्या महिन्यात तिलक नगरच्या एका स्कोडा रॅपिडवाल्याने नेली, तिलाही ५×१००, ५७.१ आणि गोलच सीट. त्याने बोल्ट पण मागितले, वीसपैकी पाच सोडून बाकीचे दादाने दिले.